एमसीजी, लेव्हल 4, गोलच्या बरोबर मागची सीट: डिफेंडर बघायचा असेल तर इथूनच बघा

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू अख्ख्या स्टेडियमचा नाहीये, एका जागेचा आहे. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटलं की आपल्या लोकांना बॉक्सिंग डे टेस्ट आठवते, 2020 ची रहाणेची 112 आठवते, 2022 च्या वर्ल्डकपमधला पाकिस्तानविरुद्धचा कोहली आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण वर्षातला मोठा काळ, मार्चपासून सप्टेंबरपर्यंत, हे ग्राउंड फुटीचं असतं, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं, आणि त्यासाठी कुठे बसायचं हे मला इथे राहायला आल्यावर कोणी सांगितलं नाही, ते कळायला मला दोन-तीन सीझन लागले. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून लिहितोय.

मी कॉलिंगवुडचा, म्हणजे इथल्या एका फुटी क्लबचा सपोर्टर. 2016 ला मेलबर्नला आलो आणि ऑफिसमधल्या एका मित्राने पहिल्याच महिन्यात मॅचला नेलं, सीट होती विंगवर, म्हणजे ग्राउंडच्या लांब बाजूला मध्यापाशी, खालच्या बाजूला, बाउंड्रीच्या अगदी जवळ, आणि सगळे म्हणतात तीच बेस्ट सीट. खेळाडूंचा आवाज ऐकू येतो, टॅकलचा धप्पकन आवाज येतो, एकदम जबरदस्त वाटतं. तेव्हा डार्सी मूर नावाचा एक वीस वर्षांचा पोरगा कॉलिंगवुडकडून पुढे, म्हणजे फॉरवर्ड खेळायचा. दोन मीटरहून उंच, पळायला हरणासारखा, आणि पाठीवर 30 नंबर, तोच नंबर त्याच्या वडिलांचा होता. वडील पीटर मूर म्हणजे दोन ब्राउनलो मेडल (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) जिंकलेला माणूस, 1979 ला कॉलिंगवुडकडून आणि 1984 ला मेलबर्न क्लबकडून. अशा घरातला मुलगा म्हटल्यावर लोकांच्या अपेक्षा काय असतील विचार करा. फादर-सन नियमाने (वडील ज्या क्लबकडून खेळले त्याला मुलगा घेण्याची आधी संधी) 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडतात तेव्हा, घेतलेला, आणि सगळ्यांना वाटायचं हा आता दहा वर्षं गोलांचा पाऊस पाडणार.

तसं झालं नाही. गोल यायचे, पण पाऊस नाही. दुखापतीही होत होत्या. आणि मग 2017-18 च्या आसपास त्याला मागे, डिफेन्समध्ये हलवलं. मला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं. कबड्डीत एखाद्या भारी चढाईपटूला सांगावं की तू आता चढाईला जाऊ नकोस, कोपऱ्यात उभा राहून पकडी कर, तसं वाटलं मला. आपल्याकडे चढाईपटूचं नाव होतं आणि कोपरा रक्षकाचं नाव फक्त कबड्डी खेळलेल्यांनाच माहीत असतं, इथेही तसंच आहे, सहा पॉइंटचा गोल मारणाऱ्याचं नाव गाण्यात येतं आणि तो गोल अडवणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी विसरलं जातं.

आणि गंमत म्हणजे मला त्याच्या नव्या जागेतलं काहीच दिसायचं नाही. विंगवरच्या सीटवरून बॉल समोर असतो तेव्हा सगळं समोर असतं, पण बॉल गोलकडे गेला की माणसांच्या पाठी आणि एक घोळका, त्यातून कोणीतरी मुठीने बॉल उडवतो आणि तुम्हाला कळतच नाही तो माणूस तिथे आला कुठून. घरी बघितलं तर आणखी वाईट. मी जे स्ट्रीमिंग ॲप घेतलंय (नाव घेत नाही, पिक्चर क्वालिटीबद्दल तक्रार नाही) त्यात कॅमेरा बॉलच्या मागे पळतो. ज्या माणसाचं काम बॉल येण्याच्या दहा सेकंद आधी सुरू होतं तो माणूस त्या दहा सेकंदांत स्क्रीनवर नसतोच. मग तो उडी मारतो, मार्क घेतो (म्हणजे किकवरून आलेला बॉल खाली पडायच्या आधी पकडतो), कॉमेंटेटर ओरडतो, रिप्लेमध्ये परत तीच उडी. उडी हा त्या कामाचा शेवटचा भाग आहे हो, आधीचं सगळं गेलं कुठे?

तर सीट. लेव्हल 4 म्हणजे सदर्न स्टँडचा सगळ्यात वरचा मजला, आता त्याला शेन वॉर्न स्टँड म्हणतात. तिथे गोलच्या मागे, म्हणजे पंट रोड एन्डला नाहीतर सिटी एन्डला जी टोकं येतात, तिथली जागा. क्रिकेट बघितलेल्यांनी एक लक्षात ठेवा, फुटीचे गोल क्रिकेटच्या पिचच्या आडव्या दिशेला असतात, क्रिकेटमध्ये ज्याला आपण स्क्वेअर लेग किंवा पॉइंटची बाउंड्री म्हणू तिकडे हे चार खांब उभे असतात, त्यामुळे क्रिकेटची चांगली सीट इथे चांगली ठरेलच असं नाही. आणि या जागा सहसा स्वस्तातल्या असतात, विंगच्या सीटपेक्षा बऱ्याच कमी, कारण बहुतेकांना त्या नको असतात. मला आता कोणी विंगचं तिकीट फुकट दिलं तरी मी वर जाऊन बसेन.

पहिल्यांदा गेलो ते चुकून, खालची तिकिटं संपली होती म्हणून. बसलो, खाली बघितलं, आणि पहिली पाच मिनिटं वाटलं की अरे हे तर मुंग्या बघितल्यासारखं आहे. मग सेंटरला खेळ सुरू व्हायच्या आधी सगळे आपापल्या जागी उभे राहिले. 2019 पासून नियम आहे की सेंटरपासून खेळ सुरू होताना दोन्ही टीमचे सहा-सहा जण प्रत्येक टोकाला गोलपासून 50 मीटरवर आखलेल्या कमानीत आणि सहा-सहा मध्ये असले पाहिजेत, आणि वरून ते इतकं स्वच्छ दिसतं, जणू कोणी पाटावर सोंगट्या मांडल्यात. सहा फॉरवर्ड, त्यांना चिकटलेले सहा डिफेंडर. बॉल सुरू झाला आणि दोन सेकंदांत ती मांडणी फुटली, आणि ती कशी फुटते, कोण कुठे सरकतं, कोण कोणाला सोडतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं.

शेजारी एक सत्तरीच्या बाई होत्या, काळा-पांढरा स्कार्फ, त्या वर्षानुवर्षं तिथेच बसतात. प्रत्येक वेळी खेळ थांबला की स्वतःशीच मोठ्याने विचारायच्या, "लूज कोण आहे?" म्हणजे कुठला माणूस मोकळा आहे, कोणाला कोणी धरलेलं नाही. मला आधी वाटलं नवऱ्याला विचारतायत, पण त्या एकट्याच होत्या. थोड्या वेळाने मीच उत्तर द्यायला लागलो, आणि माझं उत्तर चुकलं की त्या म्हणायच्या, "नाही लव्ह, नीट बघ, तो बघ तिसाव्या नंबरचा, तो त्याच्या माणसापासून केव्हाच निघालाय."

आणि खरंच निघालेला असायचा. मूर डिफेंडर म्हणून काय करतो हे मला त्या बाईंच्या शेजारी बसून कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण या सीटची सगळी किंमत यातच आहे.

फॉरवर्डचं काम असतं लीड करणं, म्हणजे किक मारणाऱ्याच्या दिशेने जोरात पळत येऊन बॉल घेणं. पण तो आधी खोटं पळतो, दोन पावलं एका बाजूला, मग वळून दुसरीकडे. डिफेंडरला हे खोटं ओळखायचं असतं. आता जो माणूस स्वतः काही वर्षं हेच खोटं पळत होता त्याला ते लवकर ओळखू येणार ना! त्याला माहीत आहे की खांदा असा पडला की पुढचं पाऊल तिकडे जाणार, त्याला माहीत आहे की किक मारणारा मान वर करून कोणाला शोधतोय कारण तो स्वतः तिथे उभा राहून हात वर करायचा. दुसरी गोष्ट म्हणजे हात. जन्मापासून मागेच खेळलेल्या डिफेंडरला शिकवलेलं असतं की शंका आली की मूठ मार, स्पॉइल कर, बॉल बाहेर घालव. फॉरवर्डमधून आलेला माणूस बॉल पकडायला जातो, कारण त्याचे हात पकडण्यासाठी तयार झालेले आहेत. स्पॉइल केला तर बॉल जमिनीवर पडतो आणि परत मारामारी सुरू होते, पण मार्क घेतला तर बॉल तुमचा, खेळ तुमच्या हातात, तुम्ही थांबून बघून किक मारू शकता. त्यालाच इंटरसेप्ट मार्क म्हणतात आणि आजच्या फुटीत त्याची किंमत सोन्यासारखी आहे.

पण यात धोका केवढा आहे ते वरूनच दिसतं. इंटरसेप्टला जायचं तर स्वतःचा माणूस सोडावा लागतो. सोडला आणि बॉल हाताला लागला नाही, तर मागे तो माणूस एकटा उभा आणि समोर रिकामा गोल, कारण या खेळात गोलकीपर नाही आणि ऑफसाइडही नाही, तुमच्या मागे वाचवायला कोणीच नाही. हा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यायचा, तोही पाठीमागे न बघता. मी वरून बघत असतो, बॉल साठ मीटरवर कोणाच्या तरी पायात असतो, आणि मूर हळूच एक पाऊल आपल्या माणसापासून दूर जातो, मग दुसरं, मग थांबतो, परत मागे येतो, मग एकदम सुटतो. प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येतो. टीव्हीवर हा पोटातला गोळा मिळत नाही, टीव्हीवर सरळ मार्क मिळतो.

टीम दर क्वार्टरला बाजू बदलतात त्यामुळे गोलच्या मागे बसलं की तुमचा डिफेन्स दोन क्वार्टर तुमच्या पायाखाली असतो आणि दोन क्वार्टर ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला, साधारण 160 मीटर लांब. लोकांना वाटतं लांबचे दोन क्वार्टर वाया जातात. माझं उलट मत आहे. जवळ असताना तुम्ही डिफेंडरच्या खांद्यावरून बघता, त्याला जे दिसतंय तेच तुम्हाला, बॉल तुमच्या अंगावर येतोय. लांब असताना तुम्ही हल्ला करणाऱ्यांच्या मागून बघता, त्यांना कुठे जागा दिसतेय ते कळतं, आणि ती जागा कशी बंद होते तेही. दोन्ही मिळून चित्र पूर्ण होतं. लांबच्या क्वार्टरला छोटी दुर्बीण मात्र न्या, साधी चालेल, नंबर वाचता आले म्हणजे झालं. तिथे फुटी रेकॉर्ड म्हणून मॅचचा अंक विकायला असतो, त्यात नंबर-नावं असतात, नवीन माणसाने तो नक्की घ्यावा.

हे सगळं कळल्यावर मी जुन्या मॅचेसबद्दल वेगळा विचार करायला लागलो. 2018 ची ग्रँड फायनल, म्हणजे सीझनची शेवटची कपची मॅच, आम्ही वेस्ट कोस्टकडून पाच पॉइंटने हरलो, 79-74, ती जखम अजून ओली आहे. सगळे डॉम शीडच्या त्या बाउंड्रीवरून मारलेल्या गोलबद्दल बोलतात, आणि तो गोल होताच तसा, पण ती साखळी सुरू झाली मागे, जेरेमी मॅकगव्हर्नच्या मार्कने, बरगड्या दुखावलेल्या असताना घेतलेल्या. आणि हा मॅकगव्हर्नसुद्धा आधी फॉरवर्ड होता! 2014 ला पुढे खेळत होता, 2015 च्या सीझनआधी एरिक मॅकेन्झीचा गुडघा गेला, डिफेन्समध्ये भगदाड पडलं, याला मागे टाकलं, आणि तो पाच वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन झाला, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम टीममध्ये निवडला गेला. म्हणजे गरज म्हणून केलेली सोय होती ती. त्याचा भाऊ मिच मॅकगव्हर्न, ॲडलेडला फॉरवर्ड, कार्लटनला आला तेव्हाही फॉरवर्ड, आणि 2022 मध्ये त्यालाही मागे नेलं. दोघं भाऊ, तोच रस्ता. हॉथॉर्नचा जेम्स सिसिली बघा, सुरुवात पुढे, 2017 पासून मागे, 2023 ला कॅप्टन झाला. कार्लटनचा लियम जोन्स तर फॉरवर्ड म्हणून जवळजवळ संपल्यात जमा होता, 2017 ला त्याला मागे उभं केलं आणि करिअर परत उभं राहिलं. उलटा रस्ताही आहे, मेलबर्नचा टॉम मॅकडॉनल्ड डिफेंडर म्हणून आला, फॉरवर्ड होऊन 2021 चा कप जिंकला आणि 2024 ला परत मागे गेला. त्याचं मला फार कौतुक आहे, दोन्ही नोकऱ्या मोठ्या पातळीवर करून दाखवणारे फार थोडे.

मला पूर्वी वाटायचं मागे पाठवणं म्हणजे शिक्षा, पुढे जमलं नाही म्हणून मागे. लेव्हल 4 वरून बघितल्यावर ते मत गेलं. मागचं काम जास्त अवघड आहे. फॉरवर्डने दहापैकी तीनदा जिंकलं तरी पेपरात फोटो येतो, डिफेंडर दहापैकी तीनदा हरला तर मॅच जाते.

2023 ची फायनल मी घरी बघितली, तिकीट मिळणं शक्यच नव्हतं, ग्राउंडवर 1,00,024 लोक होते. शेवटी शेवटी आमच्या डगोई, साइडबॉटम यांचे गोल, मग ब्रिस्बेनच्या डॅनिहरचा गोल, चार पॉइंटचा फरक उरला आणि घड्याळात थोडा वेळ शिल्लक. अख्खा देश बॉल बघत होता आणि मी स्क्रीनवर ओरडत होतो की कॅमेरा मागे न्या, मूर कुठे उभा आहे ते दाखवा! तो आता कॅप्टन होता, मागची सगळी मांडणी कशी लावलीय ते मला बघायचं होतं. नाही दिसलं. 90-86 ने जिंकलो, मी रडलो, आणि मग कप द्यायला वडील पीटर मूर आले आणि त्यांनी मुलाच्या हातात तो दिला तेव्हा परत रडलो. ज्या पोराला वडिलांसारखं नाव काढायला पुढे उभं केलं होतं त्याने मागे उभं राहून ते काढलं. पण त्या शेवटच्या मिनिटाचं मला अजून वाईट वाटतं, वरच्या सीटवर असतो तर दिसलं असतं.

आता सीटबद्दल उरलेल्या गोष्टी पटापट. चेहरे दिसत नाहीत, रडणारा हसणारा खेळाडू बघायचा असेल तर खाली बसा. लहान मुलं असतील तर त्यांनाही खालीच न्या, त्यांना हिरो जवळून बघायचे असतात, मांडणी नाही. जूनमध्ये रात्रीच्या मॅचला थंडी असते, वर वारा लागतो, जॅकेटच्या आत आणखी एक थर आणि कानटोपी न्याच. खायला घरून नेता येतं, काच आणि कॅन सोडून, मी पोळीचे रोल नेतो, शेजारच्या बाईंना बटाट्याच्या भाजीचा रोल इतका आवडतो की आता दोन जास्त करतो, आणि त्या मला पाय (pie, सारण भरून बेक केलेला पदार्थ) आणून देतात, सॉस घातलेला. दुपारची मॅच असेल तर सिटी एन्ड घ्या, पंट रोड एन्डला बसलात तर तोंड पश्चिमेला येतं आणि तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरला ऊन डोळ्यात येऊ शकतं. यायला-जायला रिचमंड स्टेशन किंवा जोलिमाँट, मॅच सुटल्यावर गर्दी भरपूर पण चालती गर्दी असते.

अगदी मधली सीट, दोन उंच खांबांच्या बरोबर मागची, मिळाली तर उत्तमच, पण थोडी बाजूला असेल तरी घ्या, मला तर उलट थोडी बाजूची जास्त आवडते कारण मग किक कुठल्या कोनातून येतेय आणि डिफेंडर कुठून कापत येणार हे दोन्ही एकाच नजरेत येतं. पाचपैकी पाच देतो मी, ज्याला डिफेन्स समजून घ्यायचाय त्याच्यासाठी.

पहिल्यांदा जाणार असाल तर अर्धा तास आधी पोचा, वॉर्म-अप बघा, आणि एकच डिफेंडर निवडा, शक्यतो असा जो पूर्वी फॉरवर्ड होता. पहिला क्वार्टर फक्त त्याच्याकडे बघा, बॉल कुठेही असो. दहा मिनिटं कंटाळा येईल, आजूबाजूचे ओरडतील आणि तुम्हाला कळणार नाही का ओरडले. मग एकदा तो त्याच्या माणसापासून पहिलं पाऊल बाजूला टाकेल, बॉल अजून खूप लांब असेल, स्टेडियममध्ये कोणाचं लक्ष नसेल, आणि तुम्ही नकळत सीटवरून उठून उभे राहाल. आमच्या रांगेत त्या क्षणी नेहमी दोघंजण उभे असतात, मी आणि त्या बाई.